एअरबॅगचा दिवा आणि त्यावरील प्रचलित उपचारपद्धती

मोटारीचे बहुतेक भाग काम करून आपले अस्तित्व सिद्ध करतात. एअरबॅग हा एकच भाग असा आहे, की त्याने जन्मभर काहीही करू नये अशी मालकाची मनोमन इच्छा असते आणि तरीही तो जागा आहे याची हमी मात्र रोज सकाळी हवी असते. ही हमी देण्याचे काम डॅशबोर्डवरच्या एका छोट्या दिव्याकडे सोपवलेले आहे. किल्ली फिरवली की हा दिवा लागतो, पाच-सहा सेकंद जळतो आणि आतल्या यंत्रणेने स्वतःची तपासणी उरकली की आपण होऊन विझतो. तो विझला नाही तर काय करावे, या प्रश्नावर गाडीसोबत येणारी पुस्तिका, गल्लीतला वायरमन आणि गाडीचा मालक यांच्यात तीव्र मतभेद असून, पुस्तिका कोणीच उघडत नसल्यामुळे तिचे मत बहुधा नोंदवले जात नाही.

या साधनाचा उगम तसा घरगुतीच म्हणावा लागेल. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात १९५२ मध्ये जॉन हेट्रिक हे गृहस्थ पत्नी आणि लहान मुलीसह गाडीतून जात असताना, रस्त्यातला अडथळा चुकवण्याच्या प्रयत्नात गाडी रस्त्याकडेच्या चरात गेली आणि त्या क्षणी पती-पत्नी दोघांनीही मुलीचे डोके आपटू नये म्हणून आपोआप हात आडवे घातले. हे हात घालण्याचे काम एखाद्या वस्तूला का करता येऊ नये, असा विचार करून त्यांनी आराखडे काढले आणि १९५३ मध्ये पेटंट मिळवले. त्यातून त्यांना पैसा मात्र मिळाला नाही. पुढे १९६० च्या दशकात ॲलन ब्रीड यांनी धडक ओळखणारा संवेदक, म्हणजे सेन्सर, तयार केला, १९८१ मध्ये मर्सिडीज-बेंझच्या एस-क्लासमध्ये ही पिशवी सीटबेल्टच्या जोडीने बसवली गेली, आणि भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींमध्ये चालकासमोर एअरबॅग असणे सक्तीचे झाले. चालकाशेजारच्या प्रवाशासाठीची सक्ती २०२१ मध्ये आली. याचा अर्थ असा, की त्याआधी स्वस्त गाड्यांच्या मालकांना या दिव्याची काळजी करण्याचे सुख लाभत नव्हते. ते आता सर्व आर्थिक स्तरांपर्यंत पोहोचले आहे.

दिवा कशाची तक्रार करतो हे समजण्यासाठी परिपथ, म्हणजे वीज जेथून निघते तेथेच परत येते असा तारांचा बंद मार्ग, थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. गिअरच्या दांड्याजवळ, बहुधा मधल्या कन्सोलखाली, एक धातूची डबी घट्ट बोल्ट करून बसवलेली असते. हे कंट्रोल युनिट. त्याच्यापासून निघालेल्या तारा स्टेअरिंगमधल्या, डॅशबोर्डमधल्या आणि असल्यास सीटमधल्या पिशव्यांपर्यंत जातात; शिवाय धडकेच्या वेळी सीटबेल्ट खसकन ओढून घेणारे जे प्रीटेन्शनर असतात त्यांच्यापर्यंतही जातात. प्रत्येक तारेच्या टोकाला स्क्विब असतो. स्क्विब म्हणजे वायू तयार करणाऱ्या दारूला ठिणगी देणारी एक अतिशय बारीक तार, आणि तिचा विद्युत रोध साधारण दोन-तीन ओहम असतो. कंट्रोल युनिट गाडी चालू असेपर्यंत या तारेतून अगदी नगण्य वीज सोडून तो रोध मोजत राहते. आकडा ठरलेल्या मर्यादेत असला तर सारे आलबेल. तो दोन-तीन ओहमांनी जरी वाढला किंवा शून्याजवळ गेला, तरी युनिट एक दोषसंकेत, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘कोड’, स्मरणात नोंदवते आणि दिवा लावते. इतक्या काटेकोरपणे हिशेब ठेवणारा दुसरा घटक गाडीत नाही. पेट्रोलचा काटादेखील थोडे इकडे-तिकडे चालवून घेतो.

दिव्यावरचे चित्र मात्र या काटेकोरपणाला शोभणारे नाही. पोटाशी कलिंगड धरून सीटवर निवांत बसलेला एक मनुष्य त्यात दाखवलेला असतो, आणि त्यामुळे पहिल्यांदाच हा दिवा पाहणाऱ्या अनेकांचा समज असा होतो, की ही सूचना अपचनाविषयी असावी. ज्याला अर्थ कळतो त्याचीही चिंता फार काळ टिकत नाही, कारण गाडी सुरू होते, पळते, सरासरी देते आणि एसीही गार लागतो. इंजिनाचा दिवा लागला तर गाडी कोठेतरी बंद पडेल ही भीती असते. एअरबॅगचा दिवा लागला तर बंद पडलेली असते ती फक्त एअरबॅग. अनेक गाड्यांत दोष नोंदवला गेला, की तो परिपथ किंवा संपूर्ण यंत्रणाच निष्क्रिय होते, आणि याचा प्रत्यय मालकाला ज्या क्षणी येऊ शकतो, त्या क्षणी तक्रार नोंदवण्याच्या मनःस्थितीत तो नसतो.

दोष बहुतांशी कोठे असतो, याविषयी या क्षेत्रातील जाणकारांत आश्चर्यकारक एकमत आहे: पुढच्या सीटखाली. एअरबॅगच्या तारांचे सगळे जोड, ज्यांना गॅरेजमध्ये कपलर म्हणतात, मुद्दाम पिवळ्या रंगाचे केलेले असतात, जेणेकरून अजाण माणसाने त्यांना हात लावू नये. सीटबेल्टच्या खटक्याची, प्रीटेन्शनरची आणि असल्यास बाजूच्या एअरबॅगची तार सीटखालून जाते आणि सीट पुढे-मागे सरकत असल्यामुळे ती थोडी सैल सोडलेली असते. आता मराठी कुटुंबाच्या गाडीत सीटखालचा प्रदेश हा रिकामा कधीच नसतो. तेथे पाण्याची बाटली, पावसाळी चपला, ओली छत्री, गेल्या सहलीतल्या शेंगांची टरफले आणि जेजुरीहून आणलेला, पिशवीतून निसटलेला एक नारळ यांचे सहजीवन असते. घाटात पहिले वळण आले, की नारळ एका बाजूने दुसऱ्या बाजूला जातो आणि जाताना पिवळ्या कपलरला भेटतो. त्यातून सैल झालेल्या कपलरवर, चतुर्थीच्या आधी गाडी धुवायला नेली असता, धुलाई केंद्रातल्या पोराने व्हॅक्यूमची नळी खुपसून शेवटचा हात फिरवला, की दिवा लागलाच म्हणून समजावे. कोकणातल्या पावसात ओला गालिचा महिनाभर तसाच राहिला, तर कपलरच्या पिनांवर हिरवट गंज चढतो आणि त्या गंजाचे दोन-तीन ओहमदेखील युनिटला पुरेसे असतात.

येथे कपलरच्या रचनेतील एक बारकावा सांगितला पाहिजे, कारण त्याच्यामुळे कित्येक वायरमन चक्रावले आहेत. कपलर सुटला असता त्याच्या आतली एक छोटी पट्टी, जिला शॉर्टिंग बार म्हणतात, स्क्विबच्या दोन्ही पिनांना आपोआप जोडून टाकते. हेतू असा, की सुटलेल्या तारेत स्थिर विजेची चुकून ठिणगी पडली तरी पिशवी फुगू नये. कपलर पूर्ण दाबून, त्याचे दुसरे कुलूप ‘टक’ असा आवाज येईपर्यंत आत बसवले, की मगच ही पट्टी उचलली जाते. कपलर अर्धवट बसला तर तारा जोडलेल्या दिसतात, हाताला घट्ट लागतात, पण पट्टी अजून पिनांना चिकटलेली असते. परिणामी स्कॅनर ‘रोध फार कमी’ असे सांगतो, वायरमन ‘कुठेतरी शॉर्ट आहे’ असे निदान करतो आणि सबंध गालिचा उचलून अर्धा दिवस तारा तपासतो. शॉर्ट खरोखरच असतो, फक्त तो कंपनीने स्वतः बसवलेला असतो.

उपचारांच्या प्रचलित पद्धतींकडे वळल्यास त्यांत पहिला आणि सर्वांत लोकप्रिय संप्रदाय बॅटरीवाद्यांचा आढळतो. बॅटरीची टर्मिनल काढून पंधरा मिनिटे चहा घ्यावा आणि परत लावावी, म्हणजे गाडी ‘रिसेट’ होते, असे या संप्रदायाचे मत आहे. एअरबॅगच्या युनिटातील नोंद विजेवर अवलंबून नसलेल्या स्मरणात असल्यामुळे ती बॅटरी काढल्याने पुसली जात नाही. रेडिओची स्टेशने जातात, घड्याळाचे बारा वाजतात आणि दिवा तेवढा आपल्या जागी राहतो. दुसऱ्या संप्रदायाचा विश्वास इंटरनेटवरून मागवलेल्या, मोबाइलला ब्लूटूथने जोडायच्या स्वस्त स्कॅनरवर असतो. हे उपकरण स्टेअरिंगखालच्या ओबीडी खाचेत बसते आणि बहुधा फक्त इंजिनाचे कोड वाचते, एअरबॅगच्या युनिटाशी त्याची ओळखच नसते. त्यामुळे मालक मोबाइलवर ‘एकही दोष नाही’ असे वाचतो आणि समोर दिवा जळताना पाहतो, आणि या दोहोंपैकी मोबाइलवर विश्वास ठेवतो. तिसरा संप्रदाय काळ्या चिकटपट्टीचा आहे. त्याच्याविषयी एवढेच म्हणता येईल, की त्याने दिवा खात्रीने दिसेनासा होतो.

हीच मनोवृत्ती सीटबेल्टच्या बाबतीतही दिसते. बेल्ट न लावल्यास गाडी जो ‘टिंग टिंग’ असा नाद करते, तो बंद करण्यासाठी खटक्यात अडकवायच्या नुसत्या धातूच्या चकत्या बाजारात इतक्या खपल्या, की २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पाच मोठ्या ऑनलाइन विक्रेत्यांना त्या विकणे बंद करण्याचा आदेश द्यावा लागला आणि तेरा हजारांहून अधिक जाहिराती काढल्या गेल्या. एअरबॅग ही सीटबेल्टला पूरक म्हणून बेतलेली असते. बेल्ट नसलेला मनुष्य ब्रेक लागताच पुढे सरकतो आणि पिशवी फुगण्याच्या जागी स्वतः आधीच जाऊन बसतो. अशा वेळी पिशवीने त्याला वाचवावे ही अपेक्षा, आणि तिला फुगायला जागाही न ठेवण्याची व्यवस्था, अशा दोन्ही गोष्टी एकाच वेळी एकाच माणसाने कराव्यात, याला धाडस म्हणावे की गणिताचे अज्ञान, हे ठरवणे कठीण आहे.

पारंपरिक वायरमनच्या टेस्ट लॅम्पविषयी मात्र गंभीरपणे लिहिणे भाग आहे. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, दोन तारा आणि एक चिमटा एवढ्या साहित्यातून बनलेला हा दिवा घेऊन गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत हेडलाइट, हॉर्न, डायनॅमो, वायपर असे सारे काही तपासले गेले आहे आणि त्याने कोणालाही इजा केलेली नाही. परंतु २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर सुमारे पावणेदोन अँपिअर वीज घेतो, आणि स्क्विब पेटायला एक-सव्वा अँपिअर अवघे काही मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचे काही हजारांश, पुरतो. स्टेअरिंगवर वाकून, कपलरच्या पिनांना टेस्ट लॅम्प लावून ‘करंट येतोय का बघू’ म्हणणाऱ्या कारागिराला करंट येत असल्याचे उत्तर ताबडतोब आणि तोंडावर मिळते. साधा मल्टिमीटरसुद्धा स्क्विबच्या पिनांना लावू नये, असे कंपन्यांच्या पुस्तिका याच कारणाने बजावतात.

योग्य पद्धत ऐकायला अगदीच नीरस आहे. आधी एअरबॅगचे कोड वाचू शकणारा स्कॅनर लावून कोणत्या परिपथाचा आणि कोणत्या प्रकारचा दोष आहे हे पाहावे. मग बॅटरी काढून, कंपनीने सांगितल्याप्रमाणे कोठे दीड मिनिट, कोठे तीन मिनिटे थांबावे, कारण धडकेत बॅटरीच तुटली तरी पिशवी फुगावी म्हणून युनिटात विजेचा थोडा साठा ठेवलेला असतो आणि तो ओसरायला वेळ लागतो. आश्चर्य असे, की ज्या गॅरेजमध्ये ‘पाच मिनिटांत देतो’ असे सांगून दोन दिवस घेतात, तेथे या तीन मिनिटांचा धीर मात्र कोणाला निघत नाही. त्यानंतर संशयित पिशवीच्या जागी दोन-एक ओहमचा डमी रोधक लावायचा आणि पुन्हा कोड पाहायचा. डमी लावल्यावर दोष गेला तर पिशवी दोषी. राहिला तर दोष तारेत, कपलरमध्ये किंवा युनिटात. हे तर्कशास्त्र इतके स्वच्छ आहे, की कित्येक गॅरेजेस ते ओलांडून थेट नव्या एअरबॅगच्या किमतीकडे जातात. ‘ड्रायव्हर एअरबॅग परिपथ, रोध जास्त’ असा कोड आला, की वायरमन त्यातील पहिले दोनच शब्द वाचतो आणि म्हणतो, “एअरबॅग गेली, साहेब.” साहेबांचा चेहरा किंमत ऐकून पडतो, आणि ‘मग राहू द्या, चालतंय’ हे वाक्य उच्चारले जाते. गेलेला असतो बहुतेक वेळा कपलर, किंवा क्लॉक स्प्रिंग.

क्लॉक स्प्रिंग हा या विषयातील सर्वांत रंजक भाग आहे, म्हणून त्याला थोडी अधिक जागा देणे योग्य ठरेल. स्टेअरिंग फिरते आणि त्याच्यामागचा खांब स्थिर असतो. फिरणाऱ्या भागातल्या पिशवीपर्यंत वीज न्यायची तर साध्या तारेला पीळ पडून ती तुटेल. म्हणून एका चपट्या गोल डबीत तारांची पातळ पट्टी वेटोळे करून ठेवतात, आणि स्टेअरिंग एका बाजूला फिरले की ते वेटोळे आवळते, दुसऱ्या बाजूला फिरले की सैल होते. मध्यापासून दोन्ही बाजूंना साधारण अडीच-अडीच फेरे एवढीच त्याची सोय असते. स्टेअरिंग काढून काही काम केले आणि परत बसवताना ही डबी मध्यावर आणली नाही, तर गाडी पार्किंगमधून काढताना स्टेअरिंग पूर्ण वळवले, की पहिल्याच पूर्ण फेऱ्यात पट्टी तुटते. आता याच पट्टीतून हॉर्नची आणि स्टेअरिंगवरच्या गाण्याच्या बटणांची तारही जात असते. एअरबॅगचा दिवा सहा महिने जळत असला तरी ज्याने गाडी गॅरेजला नेली नाही, तो मालक हॉर्न बंद पडल्यापासून तासाभरात वायरमनच्या दारात उभा राहतो, कारण हॉर्नशिवाय पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरून जाणे हे त्याच्या मते जिवावरचे काम असते. भारतातील कित्येक एअरबॅगांची दुरुस्ती केवळ हॉर्नच्या पुण्याईने होते, हे निरीक्षण रस्ता-सुरक्षेच्या अभ्यासकांनी लक्षात घ्यावे.

उंदरांचा उल्लेख टाळता येत नाही. बाहेर उभ्या केलेल्या गाडीत पावसाळ्यात उंदीर शिरतात आणि तारा कुरतडतात. त्यांनी पिवळ्या तारेला विशेष पसंती दिल्याचे मानण्यास आधार नाही. बॉनेटखाली तंबाखूची पाने ठेवल्याने ते येत नाहीत, असे अनेकजण सांगतात, पण त्याचा परिणाम उंदरांवर होतो की तंबाखू सोडलेल्या मालकावर, हे पाहावे लागेल.

दुरुस्ती नीट झाल्यावरही एक गैरसमज उरतो. अनेक गाड्यांत दोष दूर झाला तरी स्मरणातली जुनी नोंद स्कॅनरने पुसल्याशिवाय दिवा विझत नाही. त्यामुळे ज्याने कपलर अगदी योग्य रीतीने बसवला, त्यालाही दिवा जळतानाच दिसतो आणि तो आपले बरोबर केलेले काम उचकटून पुन्हा चुकीचे करतो.

डॅशबोर्डवर डाव्या बाजूला, जेथे ‘एसआरएस एअरबॅग’ अशी अक्षरे उमटवलेली असतात, त्या झाकणावरच दुहेरी चिकटपट्टीने गणपतीची मूर्ती बसवण्याची पद्धतही येथे विचारात घ्यावी लागते. हे झाकण उघडून पिशवी बाहेर येण्याचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास असतो आणि ती फुगायला सेकंदाचा विसावा भागदेखील लागत नाही. बाप्पा पुढच्या वर्षी लवकर यावेत ही इच्छा सर्वांचीच असते, पण इतक्या लवकर यावेत अशी कोणाचीही नसते. मूर्ती मधोमध, एसीच्या जाळीच्या वर बसवली तर भक्तीत उणे येत नाही आणि झाकणही मोकळे राहते.

सरतेशेवटी जुन्या गाड्यांच्या बाजाराविषयी. अपघातात फुगलेली पिशवी पुन्हा घडी घालून बसवता येत नाही. पिशवी, स्क्विब आणि बहुधा युनिटही बदलावे लागते आणि तो खर्च मोठा असतो. तो वाचवण्यासाठी काही ठिकाणी पिशवीच्या जागी तोच दोन ओहमचा डमी रोधक कायमचा जोडून वर नवे झाकण बसवतात, आणि रोध बरोबर मिळाल्यामुळे युनिट समाधानी राहते. ज्यांना तेवढाही खटाटोप करायचा नसतो, ते एअरबॅगच्या दिव्याची तार ऑइलच्या दिव्याला बांधतात, म्हणजे किल्ली फिरवताच दिवा लागतो आणि इंजिन सुरू होताच विझतो. म्हणून जुनी गाडी घेणाऱ्याने इंजिन लगेच सुरू करू नये. किल्ली फक्त ‘ऑन’ करून पाच-सहा सेकंद थांबावे. एअरबॅगचा दिवा लागून ऑइलचा दिवा जळत असतानाच स्वतंत्रपणे विझला, तर निदान दिव्याची तार जागेवर आहे असे समजावे. तो लागलाच नाही, किंवा इंजिन सुरू केल्यावर ऑइलच्या दिव्याबरोबर एकाच क्षणी विझला, तर विक्रेत्याला नमस्कार करून दुसरी गाडी पाहावी. तार जागेवर असली तरी झाकणामागे रोधक दडलेला असू शकतो, तेव्हा व्यवहारापूर्वी एअरबॅगचे कोड वाचणारा स्कॅनर लावून घ्यावा आणि स्टेअरिंगचे झाकण माहीतगार माणसाकडूनच उघडून पाहावे.